जोडप्याचं तिकीट, सुट्ट्या सीटा

प्रति,
माननीय आसन-वाटप संगणक,
आंतरराष्ट्रीय विमान कंपनी
(नाव आम्ही राखून ठेवलं आहे, आपण आमची सीट राखली नाही, तरीही.)

विषय : एकाच पीएनआरवरील पती-पत्नीस विमानाच्या दोन टोकांना बसवल्याबद्दल आभार.

महोदय,

सा. न. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, लंडनच्या सहलीसाठी आम्ही उभयतांनी आपल्या कंपनीची तिकिटं काढली. एकाच वेळी, एकाच कार्डावरून, एकाच पीएनआरवर. आडनाव एक, पत्ता एक, अडीअडचणीला कळवायचा मोबाइल नंबरही एकच. एवढा पुरावा कोर्टात दिला असता तर लग्न शाबीत झालं असतं. आपण मात्र मला २७व्या ओळीत आणि आमच्या सौ.ना ४१व्या ओळीत जागा दिलीत. दोघांनाही मधली.

आम्ही बिलोलीचे, जिल्हा नांदेड. मुंबईचं विमानतळ आम्हाला सहाशेच्या वर किलोमीटर पडतं आणि हैदराबादजवळच्या शमशाबादचं सव्वादोनशे-अडीचशे. म्हणून महाराष्ट्रातून परदेशी जायला आम्ही आधी तेलंगणात जातो. १९५६ साली राज्यांची फेररचना होऊन आम्ही हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखातून मुंबईकडे वर्ग झालो खरे, पण मोठा दवाखाना, लग्नाच्या साड्या आणि विमान यांना तो निर्णय अजून कळलेला नाही.

तर आमचा लांब पल्ल्याचा प्रवास बिलोलीच्या बसस्टँडवरच सुरू झाला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून सौ. माझ्या निम्म्या पैशात बसल्या. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. येसगीला मांजरा ओलांडली की तेलंगण लागतं. तिथं डिसेंबर २०२३ पासून बायकांना बस फुकटच आहे, पण त्यासाठी त्या राज्याचं ओळखपत्र लागतं. म्हणजे आमच्या घरची सवलत नदीच्या अलीकडे संपते आणि पलीकडची लागू होत नाही. तक्रार नाही. सांगायचं एवढंच, की दोन राज्यांच्या भाड्याच्या कोष्टकात पार चेंगरून निघालो तरी बोधन, निजामाबाद, कामारेड्डी करत शमशाबादपर्यंत आम्ही शेजारीशेजारी बसलो होतो. एसटीत त्यासाठी खिडकीतून रुमाल टाकावा लागतो. रुमालाला शुल्क नाही. रुमाल पडला की जागा धरली, हे कंडक्टरही मानतो.

आपल्याकडे रुमाल टाकायला खिडकी नाही. वेब चेक-इनच्या वेळी आपण विमानाचा नकाशा दाखवलात. निळ्या चौकोनाला इतके, हिरव्याला तितके, पाय लांब करायचे असतील तर त्याहून जास्त. शेजारचे दोन चौकोन दाबले की खाली बेरीज व्हायची आणि ती बघून बोट आपोआप मागं यायचं. सौ. चष्मा लावून बघत होत्या. म्हणाल्या, “तिकिटाचे पैसे दिलेच की. मग हे कशाचे घ्यायलेत?”

मी म्हणालो, “सीटचे.”

“मग पहिले कशाचे होते? उभ्यानं जायचे?”

आणि त्यांनी माझा मोबाइल पालथा ठेवला.

महोदय, हा प्रश्न अडाणी नाही. एकेकाळी तिकिटात सीट, सामान, जेवण सगळं यायचं. पुढं एकेक जिन्नस तिकिटातून सोडवून वेगळा विकायची चाल पडली. आपल्या देशात डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, २०१५ साली या सुट्ट्या विक्रीला रीतसर वाट करून दिली. अमेरिकेत सिनेटच्या एका उपसमितीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा पाच कंपन्यांनी २०१८ ते २०२३ या काळात नुसत्या सीटच्या शुल्कापोटी १,२४० कोटी डॉलर गोळा केल्याचं निघालं. त्यातला काही काळ तर कोविडनं बरीच विमानं जमिनीवर बसवलेली होती.

आपलं गणितही मी नीट समजून घेतलं आहे. निवृत्त शिक्षक आहे, वेळ असतो. आपल्या विमानात एका ओळीत तीन-तीन-तीन अशा नऊ सीटा. एकटेदुकटे प्रवासी पैसे मोजून खिडकीची नाहीतर कडेची जागा घेतात. मधल्या कुणालाच नको असतात, म्हणून शेवटपर्यंत त्याच उरतात. आणि अशा विमानात मधल्या दोन सीटा एकमेकींना कधीच लागून नसतात. तेव्हा ज्यांनी पैसे भरले नाहीत त्या जोडप्याला वेगळं करण्यासाठी आपल्याला दुष्टपणाही करावा लागत नाही. नुसतं शांत बसलं की पुरतं. आमच्या तालुक्यात बरीच कामं याच पद्धतीनं चालतात, त्यामुळं मला आपल्याविषयी एकदम आपलेपणा वाटला.

नियम काय म्हणतो, तेही पाहिलं. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं आपल्या देशातल्या कंपन्यांना बजावलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ बसवावं. योग्यच आहे. साठीपुढल्या मुलांचा विचार मात्र त्यात नव्हता. बारा वर्षांचं पोर निदान आपली गोळी कोणत्या पिशवीत आहे हे सांगू शकतं. माझी बीपीची गोळी, चष्म्याचं घर आणि पासपोर्ट सौ.च्या पर्समध्ये, म्हणजे चौदा ओळी मागं. त्यात तो ९० सेकंदांचा नियम. संकटात निम्म्याच दारांतून एवढ्या वेळात अख्खं विमान रिकामं होतं, हे दाखवल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. त्या ९० पैकी किती सेकंद “अगं, कुठंयस?” यात जातील, त्याची चाचणी कुणी घेतली असल्यास कळवावं.

मराठी जोडप्यानं परदेशी वेगवेगळं जाण्याची परंपरा जुनी आहे, हे मान्य. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीनं नवऱ्याशिवाय निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव पोस्टातली नोकरी सांभाळून मागाहून गेले. १८८६ साली दोघं एकत्र परतले. पण त्या ताटातुटीमागं डॉक्टरकीचं शिक्षण होतं. आमच्या ताटातुटीमागं एक हिरवा चौकोन.

आता विमानातली हकीकत. आखातात विमान बदललं. पहिला टप्पा कसाबसा काढला होता, खरी लांबण इथून पुढं. माझ्या एका बाजूला एक तरुण कानात बोंडं घालून, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ झोपेत. जेवण आलं. त्याला चव नव्हती, पण त्याचा दोष मी आपल्या आचाऱ्याला देत नाही. आत हवेचा दाब सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच, हवा कोरडी ठणठणीत, त्यात इंजिनाची घरघर. अशा ठिकाणी जिभेला मीठ आणि गोड कमी लागतं, हे जर्मनीत प्रयोग करून पाहिलेलं आहे. मी आपला बसून सौ.ची काळजी करत राहिलो. एकटी असेल, घाबरली असेल, बटण कोणतं दाबायचं ते कळत नसेल.

शेवटी कानात बोंडं घातलेल्या पोराला विनंती केली. पोरगं गुणाचं. “काका, मी जातो की मागं,” म्हणालं. मी महोदय, अक्षरशः विजयी चालीनं ४१व्या ओळीकडे गेलो.

तिथं ट्रेवर धपाट्यांची पुडी उघडलेली. शेजारी धर्माबादी मिरचीचा कोरडा ठेचा. (दह्याचा डबा शमशाबादलाच रिकामा करावा लागला होता. २००६ मध्ये लंडनला विमानं उडवून देण्याचा कट उघडकीला आला, त्यानंतर हातातल्या सामानातल्या पातळ पदार्थाला १०० मिलिलिटरची वेस पडली.) एका बाजूला कामारेड्डीच्या आजी, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. दुसऱ्या बाजूला केरळची एक नर्स, डोळ्यांत पाणी, तरी दुसरा धपाटा हातात. आजींशी तेलुगूत, नर्सशी हिंदीत आणि हवाई सुंदरीशी खाणाखुणांनी असं सौ.चं चाललं होतं. येसगीपलीकडच्या बाजारात आयुष्य गेलेल्या बाईला तेलुगू शिकवावं लागत नाही.

मी म्हणालो, “चल, जागेची सोय झाली. माझ्याशेजारी.”

सौ.नी वर पाहिलं. “कशाला? तुम्ही बसल्याबसल्या घोरणार. हितं बरं चाललंय माझं. गोळी घेतलात का?”

गोळी दिली, चार धपाटे कागदात बांधून दिले, “त्या शेजारच्या पोराला पण द्या” म्हणाल्या आणि पुन्हा आजींकडे वळल्या. धपाटा तोंडात घातल्यावर तीस-पस्तीस हजार फुटांवरसुद्धा मला तिखट व्यवस्थित लागलं.

म्हणून हे पत्र रागाचं नाही, सावधगिरीच्या इशाऱ्याचं आहे. आपण सीट विकता अशी आमची समजूत होती. आपण विकता ती एकटं पडण्याची भीती. नकाशातले रंग, खालची बेरीज, “आत्ताच निवडा, नाहीतर वेगळे बसाल” ही धमकी, सगळं त्या एका भीतीवर उभं आहे. ज्यांना खरोखर गरज असते ते विमानात चढल्यावर आपसात जागा बदलून घेतात, फुकट. कानात बोंडं घालणारं पोरसुद्धा नाही म्हणत नाही. आणि ज्यांना गरज आहे असं आपण धरून चालता, त्यांच्यापैकी निम्म्यांना, आमच्या घरचा अनुभव पाहता, ती नसते. ही बातमी इतर घरांत पोचली तर आपल्या हिरव्या चौकोनांवर धूळ बसेल. आमच्या सौ. बचत गटात आहेत, भिशीत आहेत, दोन हळदीकुंकवांच्या आयोजनात आहेत. बातमी पोचणारच.

लंडन छान झालं. १० किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर पाहिलं. १९२१-२२ मध्ये विद्यार्थिदशेत ते तिथं राहिले होते, आणि २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. तिथं जिन्यावर आम्ही एकत्र होतो, कुणी पैसे मागितले नाहीत.

तरी विनंती की, परतीच्या प्रवासातही आम्हास वेगवेगळंच बसवावं. नजरचुकीनं आपण शेजारी बसवलंच, तर त्याचं शुल्क किती होईल ते सौ. आपल्याला कळवतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ओळ २७, मधली सीट
मु. पो. बिलोली, जि. नांदेड