झाकण मिटलं, डोळे उघडेच

रात्री अकराला झाकण मिटलं तेव्हा बॅटरी ८२ टक्के होती. सकाळी सातला बॅगेत हात घातला, तर लॅपटॉपचं बूड कोमट लागलं. बॅटरी ३९. आठ तासांत ४३ टक्के गेले, आणि मी एक अक्षरही टाइप केलं नव्हतं.

बॅटरीला बोल लावू नका. पूर्वी सस्पेंड म्हणजे एस-थ्री. रॅमला जगण्यापुरती वीज, बाकी जवळजवळ सगळं बंद. मग मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये मॉडर्न स्टँडबाय आणलं, लॅपटॉप फोनसारखा चटकन जागा व्हावा म्हणून. त्यापायी बऱ्याच नव्या मॉडेलांतून एस-थ्री गेलाच. माझ्या लॅपटॉपवर आहे त्या लिनक्सच्या वाट्याला उरला एस-टू-आयडल. यात प्रोसेसर बंद होत नाही, नुसता निवांत होतो. त्याला गाढ झोप लागायची तर वायफाय, एसएसडी, यूएसबी, सगळ्यांनी आधी निजावं लागतं. एकाचाही ड्रायव्हर अडून बसला की सगळी चिप जागी. घरात तान्हं रडत असलं की कुणाचाच डोळा लागत नाही, तसं.

खोक्यावर रॅम छापतात, स्क्रीनचे इंच छापतात. एस-थ्री काढून टाकलाय हे कुठेच छापत नाहीत. गिऱ्हाइकाला हे आधी कळायलाच हवं.

तुमचं मशीन कसं झोपतं ते बघायचं तर टर्मिनलमध्ये ‘सिस’मधल्या ‘पॉवर’ फोल्डरातली ‘मेम स्लीप’ ही फाइल वाचा. एकच ओळ असते. चौकोनी कंसात जे नाव, ती सध्याची झोप. शेजारी ‘डीप’ दिसलं तर एस-थ्री शाबूत आहे. तो लावून मशीन धड उठतं का ते तपासा. माझ्या ओळीत कंसातला एस-टू-आयडल एकटाच होता.

म्हणजे उरलं हायबरनेट. रॅममधलं सगळं डिस्कवरच्या स्वॅप नावाच्या राखीव जागेत उतरवायचं आणि मशीन बंद. पण इथे डिस्ट्रोंनीच, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्यांनीच, हात आखडता घेतलाय. उबुंटूने २०१२ साली १२.०४मध्ये ते डीफॉल्टनेच बंद ठेवलं, कारण कित्येक मशीनवर ते भरवशाचं नव्हतं. फेडोरा ३३पासून स्वॅप झेडरॅमवर, म्हणजे रॅममध्येच. वीज गेली की तोही गेला. सुरू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारं सिक्युअर बूट चालू असेल तर बहुतेक डिस्ट्रोंचा कर्नल हायबरनेट करूच देत नाही, कारण डिस्कवरच्या प्रतीत कुणी ढवळाढवळ केली नाही याची त्याला खात्री नसते. कारणं रास्त आहेत. पण इन्स्टॉल करताना एक प्रश्न तरी विचारा! रात्रभर बॅटरी गळते ती वापरणाऱ्याची.

लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीत २०१८पासून ‘सस्पेंड देन हायबरनेट’ आहे. झाकण मिटलं की आधी साधी झोप, ठरलेला वेळ उलटला की हायबरनेट. मी ३० मिनिटं ठेवली. त्यासाठी रॅमएवढी स्वॅप फाइल केली, तिचा पत्ता कर्नलच्या बूट ओळीत दिला. शनिवारची अख्खी दुपार गेली. सिक्युअर बूट बंद करावं लागलं, ते अजून मनाला पटलेलं नाही. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर या वाटेला जाऊच नका. रॅममध्ये तुमचे पासवर्डही असतात, ते तसेच डिस्कवर उतरतील.

काल रात्री ७६ टक्क्यांवर झाकण मिटलं. सकाळी बूड गार, बॅटरी ७३. उठायला त्याने थोडा वेळ घेतला, पण अर्धवट राहिलेलं वाक्य कर्सरसकट तिथेच होतं.