बप्पांचा खिमा

रविवारी चारच्या सुमारास गल्लीत टक-टक-टक आवाज सुरू झाला, की कुत्री बप्पांच्या दारात जमतात. चिंचेच्या ओंडक्यावर दोन सुरे नाचत असतात. सुऱ्यांखाली असतात भिजवून, उकळून, तीनदा पिळलेल्या सोयाबीनच्या वड्या. कुत्री जरा वास घेतात, एकमेकांकडे बघतात आणि निघून जातात. पुढच्या रविवारी पुन्हा येतात.

बप्पा एसटीचे ड्रायव्हर. मुक्कामाची गाडी कुठल्याही स्टँडवर लागली, तरी खिमा कुठं चांगला मिळतो हे त्यांना कंट्रोलरच्या आधी कळायचं. रिटायर झाले त्या आषाढीला नारायणगडावर माळ घातली. नारायणगड म्हणजे आमची धाकटी पंढरी. नगद नारायण महाराजांच्या पायाशी घातलेली माळ खुंटीला टांगून ताटावर बसणारे बहाद्दर आमच्याकडं आहेत, पण बप्पा त्यातले नव्हेत. त्या दिवसापासून ते हाडाला शिवले नाहीत. मटण सुटलं, रविवार काही सुटेना.

बाजारात बारीक सोयाचुरा तयार मिळतो. तो आणला तर बप्पा हात लावत नाहीत. "त्यो मशीनचा खिमा. त्याला चव नसती." वड्या आणायच्या आणि हातानंच बारीक करायच्या. आमच्या भागातलं सोयाबीन लातूरच्या बाजारात जातं, मिलमध्ये तेल निघतं, उरलेल्या पेंडीच्या पिठाच्या वड्या होतात आणि पाकिटात बसून आमच्याच किराणा दुकानात परत येतात. बप्पा पाकीट हातावर तोलून म्हणतात, "घरच्या रानातला बोकड हाय."

बप्पांची आई माळकरी होती, म्हणून त्यांच्या घरात मटणाची चूल अंगणात, भगुनं वेगळं, पळी वेगळी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. चूल अजून अंगणातच आहे. सोयाबीनही त्याच वेगळ्या भगुन्यात शिजतं आणि ते भगुनं अजून घरात येत नाही. काकू म्हणतात, "अहो, हे घरातल्या गॅसवर चालतंय की!" बप्पा कानावर घेत नाहीत. स्वयंपाकघरात खिमा? आई काय म्हणेल!

कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर काळंभोर भाजायचं, लसूण-आल्यासोबत पाट्यावर वाटायचं. तेल सढळ. "तीस रुपयाच्या वड्यांला शंभराचं तेल," हा काकूंचा ठरलेला अभंग. वाटण तेल सोडेपर्यंत बप्पा उठत नाहीत. मग काळा मसाला, मग खिमा, मग कढत पाणी. रस्सा दाट करायला येसर. भाजलेल्या धान्य-डाळींचं ते मसालेदार पीठ गार पाण्यात कालवूनच घालायचं, नाहीतर गुठळ्या होतात. लाल तर्री वर आली की बप्पा डोळे मिटून वास घेतात. तेवढा वेळ कुणी बोलायचं नसतं.

वारही पाळतात. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादशी. त्या दिवशी सोयाबीन वर्ज्य. 2024च्या दसऱ्याला जरांगे पाटलांच्या मेळाव्यासाठी मराठवाडा गडाकडं लोटला होता. बप्पांकडं उतरलेल्या पाहुण्यांनी त्या प्रसिद्ध खिम्याची फर्माईश केली. बप्पांनी कानाला हात लावला. "आज शनवार हाय, पाव्हणं." आणि पिठलं वाढलं.

एक दुःख मात्र उरलं होतं. खिम्याबरोबर खाटकाकडून दोन नळ्या मागून घ्यायची त्यांची जुनी सवय. त्याला त्यांनी तोड काढली: शेवग्याची शेंग. बोटभर तुकडे रश्श्यात सोडायचे आणि शेवटी ताटावर आपटून आपटून चोखायचे.

हा आपटण्याचा आवाज भजनी मंडळापर्यंत गेला. ओंडका, सुरे, अंगणातली चूल, कुत्री. संशयाला आणखी काय हवं? एका रविवारी विणेकरीबुवाच खात्री करायला आले. बप्पांनी काही न बोलता बाजरीची भाकरी आणि वाटी पुढं ठेवली. बुवांनी वाकून वास घेतला, चमच्यानं रस्सा ढवळला, वडीचा कण दोन बोटांत दाबून पाहिला. मग मांडी नीट घालून बसले. भाकरी कुस्करली, दोनदा रस्सा मागून घेतला. शेवटी शेंगेचा तुकडा उचलला, ताटावर दोनदा सफाईनं आपटला आणि डोळे मिटून चोखला.

"बप्पा," बुवा म्हणाले, "नळी जरा कच्ची राहिलीय."