बिनलेव्हलचा गडी

हिंगोली जिल्ह्यात तालुके पाच, आणि हा गडी प्रत्येक तालुक्यात किमान एक तरी सापडतोच. वय पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे, शिक्षण बी.ए. नाहीतर बी.एस्सी. कागदोपत्री ‘स्पर्धा परीक्षेची तयारी चालू’. प्रत्यक्षात तयारी चालू असते ती 1997 सालच्या जपानी व्हिडिओ गेममधला शेवटचा राक्षस लेव्हल न वाढवता मारण्याची. दुसरी तयारी पहिलीपेक्षा जास्त मन लावून चालते, एवढाच घरच्यांचा आक्षेप.

ओळखायचा कसा? टपरीवर बाकीची पोरं मोबाइल आडवा धरून बंदुकीचा धडाका उडवत असतात, एकमेकांना शिव्या देत असतात. हा कोपऱ्यात एकटा, आवाज बंद, पडद्यावर चौकोनी ठिपक्यांची बुटकी माणसं. कुणी कीव येऊन म्हणालंच, “मोबाइल लई जुना दिसायलाय रे,” तर तो मान वर न करता सांगतो, “मोबाइल नवाच हाय काका. गेम जुना हाय.”

हे गेम म्हणजे फायनल फँटसी, ड्रॅगन क्वेस्ट, क्रोनो ट्रिगर, पोकेमॉन. सगळ्यांची तऱ्हा साधारण एकच. एक पोरगा गावाबाहेर पडतो, वाटेत किडूकमिडूक शत्रू मारतो, त्याचे गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते, आणि असं तीस-चाळीस तास केलं की जग वाचतं. साधा माणूस जग एकदा वाचवतो आणि कामाला लागतो. आमच्या गड्यानं ते इतक्या वेळा वाचवलंय की आता जगालाच संकोच वाटत असावा.

याची सुरुवात झाली पोकेमॉनपासून. टीव्हीवर हिंदीतलं कार्टून पाहिलेलं होतंच. पुढं मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या मोबाइलवाल्यानं एक फोल्डर फुकटात टाकलं, त्यात ‘फायररेड’ निघाला. हा गेम ज्या गेमबॉय ॲडव्हान्स यंत्रासाठी 2004 मध्ये निघाला, ते यंत्र गड्यानं आजतागायत डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याच्या लेखी ते मोबाइलमध्येच राहतं. (गेम विकत घेतला होता का, हे त्याला विचारू नये. मीही विचारलेलं नाही.)

साध्या खेळानं पोट भरेना तेव्हा त्यानं स्वतःवर बंधनं घालायला सुरुवात केली. या पंथाला मंडळी चॅलेंज रन म्हणतात. फायनल फँटसी टेन या 2001 च्या गेमचा एक प्रकार त्यानं एकदा मला वहीवर लिहून दाखवला : एनएसजीएनएसएनसीएनईएनएनई. त्याच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, वाटलं की पोरानं गुपचूप एखादी पदवी काढली. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मग पोरानं फोड सांगितली : नो स्फियर ग्रिड, नो समन्स, नो कस्टमाइझ, नो एस्केप, नो नो-एन्काउंटर्स. म्हणजे ताकद वाढवायची नाही, मदतीला कुणाला बोलवायचं नाही, हत्यारं सुधारायची नाहीत, लढाईतून पळायचं नाही. शेवटचे दोन ‘नो’ चुकून पडलेले नाहीत. त्या गेममध्ये वाटेत शत्रूच भेटू नये अशी एक सोय आहे, तीही वापरायची नाही.

“मंग खेळायचंच कामून?” अण्णा म्हणाले आणि पायताण शोधत बाहेर गेले.

ते आजीला मात्र पहिल्या झटक्यात कळलं. आजी माळकरी, एकादशीला नरसीला नामदेवांच्या दर्शनाला जाणारी, आषाढी निर्जळी करणारी. घरात पीठ असून खायचं नाही, माठात पाणी असून प्यायचं नाही, हा तिचा आयुष्यभराचा व्यवहार. ती सुनेला म्हणाली, “नेम धरलाय पोरानं, टोकू नको.” एकदा त्यानं तिला सांगितलं की जुन्या पोकेमॉनमध्ये एक युक्ती केली की आपला माणूस भिंतीतून आरपार जातो. त्याला वाटलं, म्हातारी थक्क होईल. ती वाती वळत म्हणाली, “औंढ्याला नामदेवासाठी अख्खं देऊळ फिरलं होतं. भिंतीचं काय घेऊन बसलास?”

दरवर्षी हे नेम जागतिक होतात. फायनल फँटसी फाइव्ह या 1992 च्या गेमवर 2009 पासून ‘फोर जॉब फिएस्टा’ नावाचा उपक्रम चालतो. गेममध्ये योद्धा, चोर, नर्तक, रसायनी असे कितीतरी पेशे आहेत. आपण निवडायचे नाहीत, चिठ्ठी काढल्यासारखे चार वाट्याला येतात आणि त्या चौघांवरच गेम पार करायचा. हौशी लोक त्या निमित्तानं धर्मादाय देणग्याही देतात. आमच्या गड्याच्या नशिबी एकदा बर्सर्कर आला. हा पेशा असा की मालकाचं एक ऐकत नाही, हुकूम घेत नाही, दिसेल त्याला बडवत सुटतो. गड्यानं दोन महिने त्याला सांभाळला. ज्यानं आयुष्यात कधी बैल वळवला नाही त्यानं हे केलं, याचं मला कौतुक वाटलं. अण्णांना वाटलं नाही.

अण्णांचं म्हणणं एका वाक्याचं आहे : “अभ्यास कर, बुद्धी वाढव.” त्यावर गड्याकडं ऐतिहासिक दाखला तयार असतो. 1987 साली पहिला फायनल फँटसी निघाला, त्यात प्रत्येक पात्राला बुद्धीचा एक आकडा आहे. लेव्हलबरोबर तो वाढतो, पडद्यावर ठळक दिसतो. पण प्रोग्रॅम लिहिताना गफलत झाली आणि जादूचा मारा मोजताना तो आकडा धरलाच गेला नाही. बुद्धी एक असो नाहीतर पन्नास, आग तेवढीच लागते. लाखो पोरं वर्षानुवर्षं बुद्धी वाढल्याच्या आनंदात खेळत राहिली. कंपनीनं ही चूक पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्त केली. हे सांगून झालं की गडी अण्णांना 2023 च्या तलाठी भरतीची आठवण करून देतो : जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांवर. यावर अण्णांकडं उत्तर नसतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडंही नाही.

आता वेगाचं बघू. स्पीडरन म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणं, आणि या मंडळींचं घड्याळ सेकंदावर थांबत नाही. पडदा सेकंदाला साधारण साठ चित्रं दाखवतो. अमुक चित्रावर बटण दाबलं तर पोकेमॉन सापडतो, पुढच्यावर दाबलं तर हातचा जातो. जे आपण नशीब समजतो ते आत एका आकडेमोडीतून निघतं, तिला हे लोक आरएनजी म्हणतात. पोकेमॉनच्या ‘एमराल्ड’ या गेममध्ये तर ती आकडेमोड यंत्र चालू करताना दरवेळी शून्यापासूनच सुरू होते, म्हणजे चोख मोजणाऱ्याला नशीब पाठ करता येतं. जेवायला हाक मारल्यावर अर्ध्या तासानं येणारं हे पोरगं सेकंदाचा साठावा भाग चुकू देत नाही. औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी मोजणारी लायगो प्रयोगशाळा उभी राहतेय, तिचे हात चार-चार किलोमीटर लांब असणार आहेत. ती चालू होईपर्यंत जिल्ह्यातलं सर्वांत बारीक मोजमाप आमच्या गल्लीत होतं, असं समजायला हरकत नाही.

फायनल फँटसी सेव्हनची चांगली धाव सात-आठ तासांची. अमेरिकेत 2010 पासून ‘गेम्स डन क्विक’ नावाचे मेळे भरतात, तिथं आठवडाभर अहोरात्र अशा धावा होतात, टाळ्या पडतात, आणि त्यातून धर्मादाय संस्थांना कोट्यवधींची मदत जाते. आपल्याकडं सात तास सलग कुणालाच मिळत नाहीत. पाचव्या तासाला आई दळण घेऊन उभी राहते. म्हणून गड्यानं मुहूर्त शोधला तो रातपाळीच्या लाईटचा. शेतपंपाला ज्या आठवड्यात रात्री वीज असते, त्या आठवड्यात हा स्वखुशीनं हळदीला पाणी द्यायला जातो. अण्णांना वाटलं, पोरगं मार्गाला लागलं. हा बांधावर गोणपाट टाकून बसतो, डोक्याला बॅटरी, पायाशी मोटारीचा आवाज, मोबाइलवर टायमर. एका रात्री गडी विक्रमापेक्षा साडेतीन मिनिटांनी पुढं चालला होता आणि नेमका डीपीवर फ्यूज गेला. मोटार बंद. टायमर थांबवता येत नाही, तो नियमच आहे. गड्यानं शेवटचा राक्षस मारला, वेळ लिहून घेतली आणि मग डीपीकडं निघाला. तोवर लाईटची पाळी संपली होती आणि हळदीचे चार वाफे कोरडे राहिले होते. सकाळी अण्णांनी वाफे पाहिले. पुढचा संवाद छापण्यासारखा नाही.

जपानी मंडळींचा एक पराक्रम ऐकून मात्र त्याचा ऊर भरून येतो. ड्रॅगन क्वेस्ट थ्री हा 1988 चा गेम लवकर संपवायला तिथले काही खेळाडू मूळ फॅमिकॉम यंत्र चक्क हॉटप्लेटवर तापवतात. ठरावीक उष्णतेला आतली मेमरी ठरावीक तऱ्हेनं बिघडते, आणि त्या बिघाडातून वाट सापडते. गडी म्हणाला, “काका, मे महिन्यात आपल्या पत्र्याखाली नुस्तं ठेवलं तरी झालं. जपानला हॉटप्लेट लागते, आपल्याला काहीच लागत नाही.” मराठवाड्याच्या अनुशेषावर एवढं आशावादी विधान मी आजवर कुठल्या व्यासपीठावरून ऐकलेलं नाही.

नझलॉक नावाचा आणखी एक नेम आहे. त्यात पोकेमॉन एकदा बेशुद्ध पडला की मेला समजायचा आणि कायमचा सोडून द्यायचा. जीव लागावा म्हणून प्रत्येकाला नाव द्यायचं, हीसुद्धा अट. गड्यानं टॉरॉस नावाच्या बैलासारख्या पोकेमॉनचं नाव ठेवलं सर्जा. गेममधल्या शेवटच्या चौघा प्रतिस्पर्ध्यांतल्या ब्रूनोच्या मचॅम्पनं एका फटक्यात सर्जाला लोळवला. पोरगं जेवलं नाही. आईनं विचारलं तर म्हणालं, “सर्जा गेला.” आई हे हापशावर बोलली. संध्याकाळपर्यंत चार माणसं दारात. एकानं पंचनामा, नुकसानभरपाई असा विषय काढला, दुसऱ्यानं ‘वीज पडून का लंपीनं?’ असं विचारलं. अण्णा गोठ्यात जाऊन बघून आले, बैल रवंथ करत होता. आलेल्यांना चहा मात्र पाजावा लागला. आजी तेवढी म्हणाली, “गेला तो गेला. नाव ठेवलं होतं ना त्याचं.”

सध्या गडी वेग आणि नेम यांच्या जोडीला तिसऱ्याच नादाला लागलाय. तो फायररेडचा मराठी मॉड करतोय, म्हणजे तोच गेम आतून बदलून मराठीत आणतोय. या नादाला जुनी परंपरा आहे. फायनल फँटसी फाइव्ह इंग्रजीत अधिकृतपणे 1999 मध्ये आला, त्याआधी 1997 लाच हौशी पोरांनी तो इंग्रजीत आणला होता. मदर थ्री हा गेम कंपनीनं जपानबाहेर काढलाच नाही, 2008 मध्ये चाहत्यांनी भाषांतर करून वाटला. वाटताना अख्खा गेम वाटायचा नाही, फक्त बदललेल्या भागाचा पॅच द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता. तरी कंपन्या नोटिसा धाडतात. क्रोनो ट्रिगरवर पोरांनी वर्षानुवर्षं राबून ‘क्रिमसन एकोज’ जवळजवळ पुरा केला, आणि 2009 मध्ये नोटीस येऊन तो बंद पडला. आमचा गडी अशा नोटिशीला घाबरत नाही. उलट पोस्टमन दिसला की आशेनं बघतो. जपानहून पाकीट आलं तर गावात किंमत वाढेल, असा त्याचा हिशेब.

मॉडमध्ये प्रवास नरसीहून सुरू होतो. सेनगाव, कळमनुरी, वसमत करत औंढ्याला शेवट. हिंगोलीत दसऱ्याचं प्रदर्शन आहे, पाळण्याशेजारी एक जण जादूची हळद विकतो. अडचण लिपीची. मूळ गेमला सुटी रोमन अक्षरं माहीत, काना-मात्रा ठाऊक नाही. त्यानं प्रत्येक अक्षराला आठ ठिपके आडवे, सोळा उभे अशी चौकट आखून घेतली आहे. मी गेलो तेव्हा तो आलेखाच्या वहीवर पेन्सिलीनं ‘ळ’ भरत होता. ‘ळ’ नाही तर हळद नाही, आणि हळद नाही तर वसमत कशाला? डावं वेटोळं बसलं की उजवं चौकटीबाहेर जायचं. दोन्ही बसवली तर मधला दांडा मावेना. त्यानं उजव्या वेटोळ्याचा एक ठिपका खोडला, वही लांब धरून पाहिली, ठिपका परत भरला आणि डाव्याचा खोडला. मग माझ्यापुढं वही धरून विचारलं, “ळ वाटायलाय का?” मला तो आठाचा आकडा आडवा झोपल्यासारखा दिसला, पण आजीनं चष्मा लावून स्वच्छ ‘ळ’ वाचला. तो पास झाला. ‘हिं’साठी त्यानं वेलांटी आणि अनुस्वारासकट एकच ठोकळा केलाय. शिरोरेघ एका ठोकळ्यातून दुसऱ्यात न तुटता जावी म्हणून वरून तिसरी ओळ सगळीकडं राखून ठेवलीय. सरकारी पाट्यांवरही इतकी काळजी दिसत नाही.

बाराखडी होत आली आहे. अडलंय ते ‘ज्ञ’पाशी. आठ बाय सोळाच्या चौकटीत ‘ज्ञ’ बसवायची हातोटी कुणा पेंटर, शिक्षक किंवा भरतकाम करणाऱ्या बाईंकडं असेल तर त्यांनी आलेखाच्या कागदावर काढून अवश्य द्यावा. गडी घरीच असतो. फक्त रातपाळीच्या लाईटच्या आठवड्यात येऊ नये, तेव्हा टायमर चालू असतो.