नऊ इंचांच्या आतलं शौर्य

रानात मुक्कामाला जायचं ठरलं की माणूस तंबू घरच्यांना विचारून घेतो, बूट मित्राच्या सल्ल्याने घेतो, स्लीपिंग बॅग तर सरळ कुणाची तरी मागून आणतो. चाकू मात्र तो एकटाच निवडतो, तेही रात्री, घर झोपल्यावर. कारण ती खरेदी सामानाची नसते. मनात एक प्रसंग चालू असतो: वाट चुकली आहे, धुकं उतरलं आहे, सोबत्यांनी हातपाय गाळले आहेत आणि आपण शांतपणे कमरेचं पातं उपसून फांद्या तोडतो आहोत, निवारा उभारतो आहोत. या प्रसंगात काकडी कुठेच नसते.

प्रत्यक्षात सह्याद्रीतल्या शनिवार-रविवारी चाकूपुढे काकडीच येते. मग कांदा, लिंबू, नूडल्सचं पाकीट, न सुटणारी सुतळीची गाठ. फार तर पायात मोडलेला करवंदीचा काटा. पण काकडीसाठी चाकू हवा म्हटलं तर दुकानदार आपल्याला भांड्यांच्या गल्लीत पाठवेल, या भीतीने कुणी खरं बोलत नाही.

या स्वप्नातला मोठा वाटा १९८२च्या ‘फर्स्ट ब्लड’ या सिनेमाचा. त्यातला रॅम्बोचा चाकू आर्कान्सातल्या जिमी लाइल या कारागिराने घडवला होता. पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ, मुठीत काड्या, सुईदोरा, मासे धरायचा गळ, टोपणात होकायंत्र. म्हणजे अर्धा संसारच. लाइलचं काम पक्कं होतं. पण त्याच्या ज्या नकला जगभरच्या दुकानांत लटकल्या, त्यांची गोष्ट वेगळी. चांगल्या चाकूचं पोलाद पात्यापाशी संपत नाही, मुठीच्या पोटातून पार शेवटापर्यंत जातं. मूठ पोकळ ठेवायची तर हे पोलाद सांध्यापाशीच थांबवावं लागतं, आणि नेमका तिथेच सगळा जोर येतो. बाहेरून भक्कम आणि जोराच्या जागी पोकळ ही अवस्था माणसांतही आढळते, पण तो निबंध निराळा.

गंमत अशी की रानात खरोखर राहिलेल्या माणसांनी हा भपका फार पूर्वीच मोडीत काढला होता. अमेरिकेतला जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स ‘नेसमक’ या नावाने लिहायचा. पेशाने जोडे शिवणारा, अंगाने अगदी किरकोळ. १८८४च्या ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकात त्याने एक छोटी कुऱ्हाड, एक पातळ पात्याचा म्यानातला चाकू आणि एक खिशातला मिटायचा चाकू, एवढ्यावर भागवलं आहे. चामडं कापून पोट भरणाऱ्याला पात्याची जाडी कुणी शिकवायची? त्याच्यानंतरचा होरेस केपार्ट हा तर सेंट लुइसमधला ग्रंथपाल. पुस्तकांची कपाटं सोडून १९०४मध्ये तो ग्रेट स्मोकी पर्वतांत राहायला गेला आणि दोन वर्षांनी त्याने ‘कॅम्पिंग अँड वुडक्राफ्ट’ लिहिलं. मोठाले शोभिवंत शिकारी चाकू भोसकण्याच्या आकाराचे असतात आणि रानात राहणाऱ्याला भोसकायची वेळ जवळजवळ कधीच येत नाही, असं त्याचं साधं म्हणणं. जोडेवाला आणि ग्रंथपाल! सिनेमाने यांच्यातला एकही नायक उचलला नाही, हे ओघानेच आलं.

स्विस चाकूबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा आहे. इबाख गावच्या कार्ल एल्सनरने १८९१पासून स्विस सैनिकांना चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७मध्ये अधिकाऱ्यांसाठी वेगळा, हलका चाकू काढला. अधिकाऱ्यांच्या चाकूत बाटलीचं बूच काढायचा स्क्रू होता, शिपायांच्या चाकूत नव्हता. सैन्य कुठलंही असो, काही गोष्टी ठरलेल्याच. आपल्याकडे त्या स्क्रूचा उपयोग भिजून आवळलेल्या गाठी सोडवायला फार छान होतो.

पोलादाचा वाद मात्र मी लवकर आटोपतो, कारण तो एकदा सुरू झाला की शेकोटी विझते. कार्बन पोलादाला धार पटकन लागते. पण सह्याद्रीच्या जुलैत ते रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी तांबूस होऊन उठतं. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते गंजायला वेळ घेतं. गंजतच नाही असं नव्हे. कुठलंही घ्या, पुसून ठेवा, खोबरेल लावा, धार राखा. बोथट चाकूला जास्त रेटावं लागतं, तो घसरतो आणि काकडीऐवजी बोट कापतो.

गडाखालच्या वस्तीवर असला चाकू दाखवला की खरी परीक्षा होते. एका मामांनी माझा चाकू हातात घेतला, अंगठ्याने आडवी धार पाहिली आणि विचारलं, “पावनं, केवढ्याला?”

मी निम्मी किंमत सांगितली.

“तेवढ्यात दोन कोयतं येत्यात,” असं म्हणून त्यांनी कमरेच्या आकडीतून कोयता काढला. जळणाचं ओलं लाकूड उभं धरलं, दोन घाव घालून चिरलं आणि आतला कोरडा गाभा चुलीपुढे टाकला. पावसात विस्तव पेटवण्याचं जे प्रकरण जगण्याच्या कलेवरची पुस्तकं पानंच्या पानं समजावतात, ते चहाला आधण येण्याआधी उरकलं होतं.

तेव्हा घ्यायचाच असेल तर चार इंचांचं पातळ पातं, मुठीत शेवटापर्यंत पोलाद आणि घट्ट म्यान, एवढं बघावं. कायद्याचंही तेच मत दिसतं. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजले जातात. घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे शेतातला मामांचा कोयता निर्धास्त. पण कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात गोष्ट बदलते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शस्त्र’ या सदरात चाकूही येतो, त्याला इंचांची सवलत नाही, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. ज्या रानासाठी रात्र जागून चाकू निवडला, त्या रानाच्या दारातच तो अडायचा. म्हणून निघण्याआधी वन विभागाकडे चौकशी करावी. नाक्यावरचा वनरक्षक बहुधा चाकूचं नावही काढणार नाही. तो सॅक उघडायला लावेल आणि प्लास्टिकच्या बाटल्या मोजेल.