'कॅसिनो नाइट' भरवू इच्छिणाऱ्या सोलापूरच्या सेवाभावी संस्थांसाठी नियमावली

रुग्णवाहिका घ्यायची असो की वाचनालयाचे छप्पर बदलायचे असो, पैसे कमी पडले की कार्यकारिणीत कुणीतरी 'कॅसिनो नाइट' सुचवतोच. सुचवणाऱ्याचा भाचा बहुधा कॅलगरीला असतो. कॅनडाच्या त्या अल्बर्टा प्रांतात धर्मादाय संस्था परवाना काढतात, दोन दिवस कॅसिनोत स्वयंसेवक राबवतात आणि उत्पन्नातला वाटा घेतात. हे खरेच आहे. होम मैदानाशेजारी कॅलगरी उभारू पाहणाऱ्यांनी पुढील नियम पाळावेत.

१. आधी कायदा वाचावा. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसाठी खास कायदा केला, ४७ वर्षे तो लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. ठराव करून विसरण्याची कला फक्त आपल्याच कार्यकारिणीला साधते, हा अहंकार यावरून सोडावा. लागू आहे तो १८८७ चा जुगारबंदी कायदा. तो विसरण्याची सोय नाही.

२. जागा. पणजीला मांडवी नदीतल्या जहाजांवर कॅसिनो चालतात, म्हणून सिद्धेश्वर तलावात नाव सोडू नये. गोव्याने त्यासाठी स्वतःचा कायदा बदलून घेतला आहे. तलाव अजून महाराष्ट्रातच आहे.

३. फलक. तीन पत्तीला 'समाजप्रबोधनपर रंजन' म्हणता येते. मात्र पोलिसांनाही मराठी येते, याची इतिवृत्तात नोंद घ्यावी.

४. खेळाची निवड. १८८७ च्या त्या कायद्याचे कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळते. हे कळताच सचिव पत्ते पिसण्याला गणिती कौशल्य म्हणू लागतात. खात्रीसाठी त्यांच्याकडून आधी मागच्या वर्षाचा ताळेबंद जुळवून घ्यावा.

५. लकी ड्रॉ. पहिले बक्षीस अर्थातच सोलापुरी चादर. शासनाची परवानगी नसता सोडतीचे कार्यालय चालवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा सोडतीची नुसती जाहिरात केली तरी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. चादर विजेत्याच्या अंगावर पडणार की अध्यक्षांच्या, हे परवानगीवर ठरेल. तिकिटे छापण्याआधी वकील गाठावा; छापखाना नंतर.

६. पावती. हरलेले शेठजी हमखास विचारतील, "८०जीची पावती मिळेल ना?" मिळणार नाही. जिंकण्याच्या आशेने लावलेला पैसा देणगीत धरत नाहीत. खरी देणगीसुद्धा २,००० रुपयांपेक्षा जास्त रोखीने दिली, तर प्राप्तिकरातली ही सवलत जाते. नोंदणी नसलेल्या मंडळाने तर साधी वर्गणी मागण्याआधीही धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी.

७. तरीही हौस फिटत नसेल, तर खेळ ठेवावा आणि डावावरचा पैसा काढावा. हौजी खेळवावी, पण तिकीट फुकट द्यावे. बक्षिसाला शेंगा चटणीचा पुडा पुरे. देणगीची पेटी दाराशी ठेवावी आणि पेटीत किती टाकले, यावर कुणाचेही नशीब ठरू नये. गर्दी निम्मी होईल. उरलेले निम्मे तुमच्या कामासाठी आलेले असतील. त्यांची नावे लिहून ठेवावीत.

८. शेवटचा नियम खजिनदारांसाठी. पन्नासची वर्गणी देताना तीन प्रश्न विचारणारा माणूस पत्त्यांवर पाचशे हसत हरतो, अशी त्यांची तक्रार असते. पण डावात हरलेला पैसा कुणाकडे गेला, हे त्याला समोर दिसते. वर्गणीचे काय झाले, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. म्हणून टेबले मांडण्याआधी गेल्या वर्षीचा जमाखर्च पै-पैसह संस्थेच्या दारावर लावावा. त्यानंतरही वर्गणी आली नाही, तरच कॅलगरीला फोन करावा.