छत्तीस पैशांचा रस्ता

जून २०२४ मध्ये गोव्यात व्हॅट वाढल्याने पेट्रोल लिटरमागे एक रुपयाने महागले आणि डिझेल ३६ पैशांनी. रुपया कळतो. पण हे ३६ पैसे कुठून आले? पावली २०११ मध्येच चलनातून गेली. आठ आणे कायद्याने अजून जिवंत आहेत म्हणे. डिचोलीच्या बाजारात ते कोणी भाजीवालीसमोर धरून दाखवावेत.

कर वाढला की समर्थक ठरलेले वाक्य टाकतात: रस्ते-पूल फुकट होतात का? नाहीच होत. तेव्हा हिशेब करायला हवा. टिप्परवाला पंपावर ‘साडेबावीस लिटर दे’ असे कधी म्हणत नाही, ‘दोन हजारांचे मार’ म्हणतो. त्यामुळे ३६ पैसे तो नोटेने भरत नाही, डिझेलने भरतो. लिटर ८८ रुपये धरले, तर दोन हजारांमागे त्याच्या टाकीत नव्वदेक मिलिलिटर कमी पडते. गोव्याच्या मापात हा दीड पेग झाला. पत्रादेवीपासून धारगळपर्यंत, दोडामार्गच्या हद्दीपासून डिचोलीपर्यंत दिवसभर टाक्या भरतात आणि प्रत्येक टाकीमागे दीड पेग रस्त्याच्या नावाने बाजूला निघतो. एवढी दारू पोटात गेल्यावर पहिल्याच पावसात रस्ता झिंगला, जागोजागी बसला, कुठे आडवाच झाला, तर त्याला दोष कसा द्यायचा? अल्कोमीटर लावायचाच, तर तो हॉटमिक्सला लावावा.

उलटा प्रयोगही या राज्याने करून पाहिला आहे. एप्रिल २०१२ मध्ये पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटर अकराएक रुपयांनी उतरले. बांदा, सावंतवाडीच्या एमएच-०७ गाड्या पेडण्याच्या पंपांवर रांगा लावू लागल्या. पुढे कर पायरी-पायरीने चढत विसाच्या वर गेला. कर नव्हता तेव्हा खड्डे होते, कर आला तरी खड्डे आहेत. खड्ड्याइतका करनिरपेक्ष नागरिक अख्ख्या राज्यात नसेल.

कारण व्हॅट रस्त्याला बांधलेला नाही. तो राज्याच्या एकत्रित निधीत पडतो आणि तिथून पगार, पेन्शन, व्याज अशा वाटांनी निघतो. रस्त्याला बांधलेला पैसा निराळा, तो केंद्राच्या उपकराचा. १९९८ मध्ये पेट्रोलवर रस्त्यांसाठी लिटरला एक रुपया बसला, २००० मध्ये निधीचा कायदा झाला. २०१८ मध्ये उपकर आठ रुपये झाला, तो २०२० मध्ये अठरावर गेला आणि २०२२ मध्ये पेट्रोलवर पाच, डिझेलवर दोन रुपयांवर उतरला. रस्त्याची गरज अशी चढते-उतरते का? रस्ता काय तापाचा रोगी आहे?

बरे, पैसा पोचतो तिथे काय होते? हॉटमिक्सची वाफ निवत नाही तोच केबलवाला चर खणायला हजर. मग पाण्याची पाइप. चतुर्थी तोंडावर आली की चरात खडी ओततात, वर माती चोपतात, आणि मखर घेऊन निघालेला स्कूटरवाला त्याच खडीवर घसरतो. हा चर छत्तीस पैशांनी बुजत नाही आणि छत्तीस रुपयांनीही बुजणार नाही. खणणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने रस्ता पूर्ववत केल्याशिवाय त्याचे बिल पास करू नका, एवढी साधी गोष्ट आहे! तिला कर लागत नाही, शरम लागते. केरी-तेरेखोल पूलसुद्धा पैशाअभावी नव्हे, पर्यावरणाच्या दाव्यात अडकला. गाड्या अजून फेरीबोटीची वाट बघतात, इंजिन चालू ठेवून. तेवढाच व्हॅट वाढतो.

अमेरिकेत पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवर थिजला आहे. वाढवायची कोणाची छाती नाही, आणि तिथला रस्तेनिधी वर्षानुवर्षे दुसऱ्या तिजोरीतून भरावा लागतो. इथे छाती आहे, पण पावती नाही. प्रत्येक पंपावर फळा लावा: या महिन्यात इथून अमुक रक्कम गेली, अमुक वाड्यावरचा अमुक रस्ता झाला. मग रुपया नव्हे, दोन रुपये मागा.

तोवर पेडण्याचा दूधवाला खटारा स्कूटरच्या टाकीमागे रस्त्याचे पैसे मोजत राहील आणि विजेवरच्या पंचवीस लाखांच्या गाडीतला शेजारी इंधनकराचा एक पैसा न देता त्याच खड्ड्यात आदळेल. त्याला मात्र सस्पेन्शन चांगले आहे.