जमालखानाकडे पाहुणे का येत नाहीत?

मराठी माणूस मसणात हौसेने जात नाही. मातीला जावं लागलं तर जातो, खांदा देतो, परतताना मागे वळून पाहत नाही, कडुलिंबाचा पाला चावतो आणि घरात शिरण्याआधी न्हाणीत शिरतो. हाच माणूस दिवाळीच्या सुट्टीत बायको, पोरं, सासू, मेहुणा असा गोतावळा जीपमध्ये कोंबून दुसऱ्या जिल्ह्यात जातो, रांगेत उभा राहून तिकीट काढतो आणि कुणा परक्या माणसाची कबर पाहून येतो. आवारातल्या हिरवळीवर पुरीभाजी खातो. परत आल्यावर आंघोळ सोडाच, चूळही न भरता नातेवाइकांना फोटो पाठवतो. सुतक दहा दिवसांत फिटतं. मयताचं प्रेक्षणीय स्थळ व्हायला मात्र तीनेकशे वर्षं लागतात.

बुलढाणा जिल्ह्यातलं, मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड या मुदतीत केव्हाच बसतं. अजिंठ्याच्या डोंगराखालचं हे गाव. खानदेशातून वऱ्हाडात आणि वऱ्हाडातून वर घाटावर जाणाऱ्या फौजांच्या वाटेवरचं. इतिहासाच्या पुस्तकात या गावाच्या नावावर दोन मोठ्या लढाया आहेत, आणि त्यांतली एकही लढाई गावकऱ्यांनी मागितलेली नव्हती.

पहिलीचं कारण तर निव्वळ घरगुती. बहामनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा याची बेगम खानदेशच्या नासिरखान फारुकीची लेक. सुलतानाच्या फौजेने कोकणात स्वारी केली आणि संगमेश्वरच्या राजाची देखणी मुलगी बिदरच्या जनानखान्यात आली. सुलतानाचं सगळं लक्ष तिकडे. बेगमेने माहेरी कळवलं. आता सवत आली म्हणून लेक रडत असेल, तर बापाने फार तर दोन प्रतिष्ठित माणसं मध्ये घालावीत, जावयाला चार शब्द सुनवावेत. नासिरखानाने सैन्य काढलं आणि वऱ्हाडात घुसला. जावयाने खलफ हसन नावाच्या सरदाराला पाठवलं. 1437 च्या सुमारास रोहिणखेडच्या घाटात गाठ पडली, सासरेबुवा हरले, आणि खलफ हसन त्यांच्या मागे लागून थेट बऱ्हाणपुरापर्यंत गेला. नासिरखान त्याच धक्क्यात वारला म्हणतात. बेगमेचं पुढे काय झालं, याची विचारपूस इतिहासकारांनी केलेली नाही. ती गावातल्या बायकांनी केली असती.

दुसरी लढाई 1591 ची, आणि तीही घरातलीच. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल निजामशहा नावाचं पोर बसलेलं. त्याच्या नावाने कारभार हाकणारा होता जमालखान. जमालखान महदवी पंथाचा. जौनपूरचे सय्यद मुहम्मद हेच येणार येणार म्हणून सांगितलेले महदी, असं मानणारा हा पंथ. जमालखानाने तो राज्यात जोरात चालवला होता. इकडे पोराचा बाप बुऱ्हाण जिवंत होता, अकबराकडे आश्रयाला होता, आणि आपल्याला सोडून आपला मुलगा गादीवर बसतो हे त्याला पटत नव्हतं. बाप परतला. मोगलांची फौज न घेता खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन परतला. जमालखान नुकताच धाराशिवकडे विजापूरकरांना झोडपून आला होता, त्यामुळे अंगात जोर होता. पण भर उन्हाळ्यात दौडत आलेल्या त्याच्या सैन्याला घाटाची सरळ वाट अडवलेली मिळाली, आडवाटेने उतरावं लागलं आणि वाटेत पाणी नव्हतं. तहानेने घशाला कोरड पडलेली फौज लढायला उभी राहिली. जमालखानाला गोळी लागली आणि खेळ संपला. बापाने मुलाला उतरवलं आणि स्वतः बसला.

एवढं सगळं घडूनही रोहिणखेडला सहलीची बस येत नाही. शाळेची येत नाही, बचतगटाची येत नाही, ‘अष्टविनायक व अजिंठा-वेरूळ’वाल्यांची तर नाहीच. गावचे कुणी आबाजी सुनेच्या आग्रहाने जीपमध्ये बसतात खरे, पण वाटभर एकच पालुपद चालू असतं: “आपल्या गावाखाली इतके लोक मेले, अन् मेलेला मानूस पाह्याले आपन खुलताबादले चाल्लो. हे काय शायनपन हाये?”

आबाजींचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर अहिल्यानगरजवळच्या एका डोंगरावर आहे. तिथे एक अष्टकोनी, तीन मजली, भारदस्त दगडी इमारत उभी आहे. दर रविवारी तिथे दुचाक्यांची रांग लागते, वारा खाल्ला जातो, भुट्टे खाल्ले जातात. लोक म्हणतात, चांदबिबीचा महाल. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. सलाबतखान म्हणजे मुर्तझा निजामशहाचा वजीर. आणि 1589 मध्ये या सलाबतखानाला पैठणजवळ हरवलं कोणी? जमालखानाने! हरल्यावर म्हातारा राजकारणातून बाजूला झाला, थोड्याच दिवसांत वारला आणि आपल्या त्या डोंगरावरच्या इमारतीत जाऊन निजला.

म्हणजे हिशेब असा: पैठणला जिंकला तो रोहिणखेडला पडला, आणि त्याच्या नावाने एक चहाची टपरीसुद्धा चालत नाही. हरला त्याच्याकडे चार शतकांनंतरही दर रविवारी पाहुणे. पाहुणे दुसऱ्याच बाईचं नाव घेत येतात हे खरं, पण येतात. शहाण्या वजिराने कबर आधी बांधून ठेवली आणि लढाई नंतर हरली. जमालखानाचा क्रम चुकला.

खुलताबादेत, म्हणजे कागदोपत्री खुलदाबादेत, तर सगळा मामला शेजाराचा आहे. चौदाव्या शतकात बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यासारखे सूफी संत तिथे विसावले. मग त्यांच्या पायाशी जागा मिळावी म्हणून मोठमोठ्यांनी धडपड केली. चांगल्या हाउसिंग सोसायटीत एक नामवंत डॉक्टर राहायला आला की बाकीचे फ्लॅट आपोआप खपतात, तसं झालं. 1626 मध्ये मलिक अंबर आला. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा तानाशहा आला. त्याला औरंगजेबाने दौलताबादेत डांबून ठेवलं होतं, तिथेच तो वारला. 1707 मध्ये खुद्द औरंगजेब आला. 1748 मध्ये पहिला निजाम आला. ज्याने कैद केलं आणि ज्याला कैद केलं, दोघंही एकाच गावचे कायमचे रहिवासी.

औरंगजेबाची कबर पाहून सहलीतल्या मंडळींचा हमखास विरस होतो. वर छत नाही, घुमट नाही, मातीत सब्ज्याचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळीसुद्धा नंतरची, लॉर्ड कर्झनच्या सांगण्यावरून बसवलेली. त्याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात आहे की टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे कफनावर खर्च करावेत. उलट त्याच्या बेगमेची कबर, म्हणजे बीबी का मकबरा, मुलाने बांधली ती 6,68,203 रुपये 7 आण्यांत. साडेसहा लाखांवर वरचे सात आणे लिहून ठेवणारा तो कारकून कोण असेल, त्याचीही खरं तर एखादी कबर हवी होती. जीपमधली मामी मात्र हे आकडे ऐकून नवऱ्याकडे वळते आणि म्हणते, “पाह्यलं? बाईवर खर्च केला म्हनून लोक तिकीट काढतात.” मामा खिडकीबाहेर बघतात.

पण रोहिणखेडची मंडळी खुलताबादला खरोखर ज्यासाठी येतात तो बादशहा नाही, भद्रा मारुती आहे. हनुमान म्हणजे द्रोणागिरी हातात धरून उड्डाण करणारा; इथे तो पाय पसरून आडवा निजलेला आहे. हनुमान जयंतीला छत्रपती संभाजीनगरहून रात्रभर चालत लोक येतात आणि निजलेल्या देवाला पहाटे जागं राहून दर्शन देतात. ज्या गावात एवढे राजे, वजीर आणि संत चिरनिद्रेत आहेत, तिथे वायुपुत्रालाही डोळा लागावा यात नवल नाही. हवाच तशी असणार.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं मात्र नाही. पॅरिसने 1804 मध्ये पेर लाशेज नावाची मोठी दफनभूमी उघडली, तर गावापासून लांब म्हणून कोणी तिथे जायला तयार होईना. मेलेले तक्रार करत नव्हते, नातेवाईक करत होते. तेव्हा नगरपालिकेने शक्कल लढवली. नाटककार मोलिएर आणि बोधकथा लिहिणारा ला फोंतेन यांचे अवशेष तिथे हलवले. मग बाराव्या शतकातलं गाजलेलं प्रेमी जोडपं, अबेलार आणि एलोईझ, 1817 मध्ये तिथे आणून ठेवलं. झालं! रांग लागली. पुढे तिथे ऑस्कर वाइल्ड आला, आणि चाहत्या मंडळींनी ओठांना रंग लावून त्याच्या कबरीचे एवढे मुके घेतले की 2011 मध्ये दगडाभोवती काच उभारावी लागली. खुलताबादेत अशी वेळ अजून आलेली नाही. तिथे फार तर भिंतीवर कोळशाने बदाम काढून आरपार बाण मारतात.

विजापूरच्या गोलघुमटाचं तर विचारूच नका. 1656 मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची ती कबर. पण सोलापूर-सांगलीकडच्या शाळांच्या सहली तिथे जातात त्या फक्त ओरडायला. घुमटाखालच्या सज्जात पलीकडच्या भिंतीशी कुजबुजलेलंही ऐकू येतं, हे गाइड सांगतो. कुजबुजतो कोण? पोरं वर्गातल्या पोरींची नावं ठोकतात, मास्तर “शांत राहा रे!” म्हणून त्यांच्यावर ताण करतात, आणि घुमट सगळ्यांचं सगळं पुन्हा पुन्हा ऐकवतो. सुलतान सुटला तो एवढ्यामुळेच की चौथऱ्यावर दिसते ती नुसती दाखवायची कबर. खरी खाली तळघरात आहे. बांधणाऱ्याला पुढे शाळेच्या सहली येणार हे आधीच कळलं होतं की काय, कोण जाणे.

आबाजींचा विदर्भाभिमान इथे डोकं वर काढतो. “आपल्या जिल्ह्यात काय कमी हाये?” कमी नाहीच. सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांची भव्य समाधी आहे. 1629 मध्ये दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, दोन मुलगे आणि एक नातू अशा चौघांना दग्याने मारलं. त्यांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली ही इमारत आकारानेही दबदबा राखून आहे. 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी लाखोंचा लोंढा येतो, त्यातले काही समाधीपर्यंतही पोचतात. 2024 मध्ये तिथे डागडुजी करताना पुरातत्त्व खात्याला जमिनीत जुन्या मंदिराचे अवशेष लागले, आणि आणखी खोल गेल्यावर शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. बातमी फुटताच गाड्या सुरू झाल्या. खुलताबादेत निजलेला मारुती, सिंदखेडला निजलेला विष्णू. मराठी पर्यटक पहाटे चारला उठून जातो तो कोणाला तरी निजलेलं पाहायला.

राहता राहिलं रोहिणखेड. तिथे पाहण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्याने गावात जाऊन 1582 ची दगडी मशीद पाहावी. खुदावंदखान महदवीने बांधलेली, म्हणजे जमालखानाच्याच पंथातल्या सरदाराची. लढाईच्या नऊ वर्षं आधी ती उभी राहिली. तहानलेली फौज आली, हरली, गेली, निजामशाही गेली, आणि दगड तिथेच आहेत. पुरातत्त्व खात्याने ती संरक्षित स्मारक म्हणून नोंदवली आहे. नक्षी बघायला सवड असलेला माणूस तिथे तास सहज घालवेल. पण तिथे ओरडलं तर घुमत नाही, खर्चाचे सात आणे सांगणारा गाइड नाही आणि भुट्टेवालाही नाही.

समजा, उद्या गावाने मनावर घेतलं. पर्यटन वाढवायचं, रस्त्यावर फलक लावायचा. पहिला प्रश्न, फलकावर कोण? जुनेजाणते म्हणतील, जमालखान. तो इथेच पडला. इतिहासाचे शिक्षक म्हणतील, बुऱ्हाण, जिंकला तो. कुणी खलफ हसनचं नाव पुढे करेल, तर त्याचं नावच कुणाला नीट उच्चारता येणार नाही. बायका एकमुखाने म्हणतील, सवत आली म्हणून बापाकडे गाऱ्हाणं नेणाऱ्या बेगमेचं चित्र काढा. मग बघा कशा गाड्या थांबतात. कॉलेजातल्या पोरांना फलकापेक्षा सेल्फी पॉइंट हवा असेल. शेवटी आबाजीच तोडगा काढतील. “फलक राहू द्या. आधी पान्याची टाकी बांधा. त्याईची फौज पान्यापायी हरली, आता आल्या पावन्याले तरी तहानेलं धाडू नका.” ठराव एकमताने मंजूर होईल. मग टाकीला नाव कोणाचं द्यायचं हा विषय निघेल, आणि रोहिणखेडच्या तिसऱ्या लढाईला तोंड लागेल.